अमेरिकन चित्रकार समजून घ्यायचे आहेत, फुकट व्हिडिओ कुठून सुरू करू?

शेवंती:

नमस्कार मंडळी. माझं वय बासष्ट. मुलगा-सून शिकागोजवळ राहतात. नातू झाल्यापासून वर्षातले पाच-सहा महिने मी इथेच असते.

गेल्या महिन्यात सुनेनं मला शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयात नेलं. तिला मला फ्रेंच चित्रकार मोने दाखवायचा होता. मोने बघितला, छान वाटलं. पण परत निघताना एका दालनात एडवर्ड हॉपर या अमेरिकन चित्रकाराचं 'नाइटहॉक्स' समोर आलं आणि माझे पाय तिथेच थांबले. रात्र, कोपऱ्यावरचं खाण्याचं दुकान, आत चार माणसं, आणि कोणी कोणाशी बोलत नाहीये. बाहेर चिटपाखरू नाही. सून दोनदा येऊन बघून गेली. का थांबले ते तिला सांगायचं होतं, पण शब्दच सापडेनात.

घरी आल्यावर सापडले. मी टेलिफोन खात्यात पंचवीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी रात्रपाळी. रात्री दोन वाजता एक्स्चेंजच्या खोलीत जो उजेड असायचा ना, पांढरा, थोडासा हिरवट, सगळ्यांचे चेहरे आजारी दिसायचे असा, तोच उजेड त्या चित्रात आहे. हे त्या माणसाला कसं जमलं, हे मला कळून घ्यायचं आहे. आणि तो आहे तसे आणखी कोण कोण आहेत, हेही.

बाळ दुपारी झोपतं तेवढाच वेळ माझा. कधी पंधरा मिनिटं मिळतात, कधी तासभर. इंग्रजी वाचलेलं नीट कळतं, पण भरभर बोललेलं निसटतं. एका संकेतस्थळावर ३९ डॉलर भरून मी एक कोर्स घेतला होता. त्यात एक जण पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवत होता आणि चित्र कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढं. पैसे परत मिळाले नाहीत. मुलाला सांगायला जीव होईना, म्हणून इथे विचारते. फुकट आणि खरोखर चांगलं असं काय आहे? यूट्यूबवर शोधलं की इतकं येतं की कुठलं उघडावं तेच समजत नाही.

निळी सावली:

शेवंतीताई, रात्रपाळीच्या उजेडाचं तुमचं वाक्य वाचलं आणि जेवणाचं ताट बाजूला ठेवून लिहायला बसले. तुम्ही जे लिहिलंत तीच सुरुवात असते. पाय थांबले त्या चित्रापासूनच निघा. अमेरिकेच्या कलेचा इतिहास पहिल्या वसाहतींपासून क्रमानं बघायला घेतलात तर दुसऱ्या आठवड्यात कंटाळाल.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी काय सांगते ते कुठून येतं हे कळेल. मी फिलाडेल्फियात दातांच्या लॅबमध्ये पोर्सिलेनच्या कॅप बनवते. अठरा वर्षं झाली. चित्रकलेचं शिक्षण नाही. पण दाताचा पांढरा हा कधीच नुसता पांढरा नसतो, त्यात पिवळा असतो, करडा असतो, टोकाशी जरासा निळा असतो. ओल्या ब्रशनं पावडरीचा थर चढवायचा, भट्टीत घालायचा, बाहेर काढून शेड बघायची, पुन्हा थर. त्यामुळे एखादी गोष्ट हातानं कशी केली हे दाखवणारा व्हिडिओ असेल तर मी तासन्तास बघते. गेली सात वर्षं हेच चाललंय, आणि प्रत्येक वेळी नंतर शक्य तिथे जाऊन खरं चित्र बघते.

तुमच्यासाठी पहिलं नाव स्मार्टहिस्टरी, कलेवरच्या व्हिडिओंचं संकेतस्थळ. बेथ हॅरिस आणि स्टीव्हन झकर या दोन कलाइतिहासकारांनी २००५ मध्ये सुरू केलं. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. दोघं खऱ्या चित्रासमोर उभे राहून एकमेकांशी बोलतात. पडद्यावर त्यांचे चेहरे येतच नाहीत, पूर्ण वेळ चित्र असतं. कॅमेरा हळूहळू जवळ जातो. "तुला इथे काय दिसतंय?" असं एक जण विचारतो, दुसरा सांगतो, पहिला कधी असहमत होतो. बहुतेक व्हिडिओ पाच-सात मिनिटांचे. तुमचं 'नाइटहॉक्स' त्यात आहे. आणि तुमच्या इंग्रजीच्या अडचणीवर उपाय असा, की त्यांच्या संकेतस्थळावर व्हिडिओखाली सगळं संभाषण लिहून दिलेलं असतं. आधी ते वाचा, मग ऐका. यूट्यूबवर बघितलंत तर दातेरी चाकावर बोट ठेवून वेग ०.७५ करा, बोलणं संथ होतं आणि आवाज बिघडत नाही.

पण त्याआधी माझी एक पद्धत करून बघा. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद. चित्र पूर्ण पडद्यावर आलं की थांबवा आणि पाच मिनिटं फक्त बघा. जे दिसेल ते वहीत मराठीत लिहा. त्यानंतरच आवाज लावा. तज्ज्ञाचं आधी ऐकलं की त्यानं दाखवलं तेवढंच आपल्याला दिसतं, आपलं स्वतःचं बघणं तिथेच संपतं. तुम्हाला एक्स्चेंजचा उजेड दिसला तो कुठल्याही तज्ज्ञानं तुम्हाला सांगितला नसता.

'नाइटहॉक्स'मध्ये मला काय सापडलं ते सांगते, पण हे तुमचं लिहून झाल्यावर वाचा. रस्त्यावरून त्या दुकानात शिरायला दार शोधा. सापडत नाही. काचेची भिंत वळून जाते, आत पिवळट भिंतीत एक दार आहे ते स्वयंपाकघराकडचं, पण बाहेरून आत यायला वाट नाही. ती माणसं त्या उजेडात बंद आहेत. मग समोरच्या बंद दुकानाच्या खिडकीत बघा, काळोखात फक्त एक गल्ल्याचं यंत्र उभं आहे. आणि फुटपाथवर सांडलेला हिरवा उजेड. ट्यूबलाइट अमेरिकेच्या बाजारात १९३८ मध्ये आली. हॉपरनं हे चित्र जानेवारी १९४२ मध्ये पुरं केलं. म्हणजे रात्रीचा असा सपाट, सावल्या खाऊन टाकणारा उजेड लोकांच्या डोळ्यांना तेव्हा नवाच होता, आणि तुम्ही पुढे पंचवीस वर्षं त्यात बसलात. शिवाय पर्ल हार्बरवर हल्ला होऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. चित्रातल्या बाईसाठी त्याची बायको जो उभी राहिली होती, ती स्वतःही चित्रकार. पुरुषांसाठी हॉपर आरशात बघून स्वतःच उभा राहिला. आर्ट इन्स्टिट्यूटनं ते त्याच वर्षी ३,००० डॉलरला घेतलं, तेव्हापासून शिकागोतच आहे.

त्याच इमारतीत ग्रँट वुडचं 'अमेरिकन गॉथिक' (१९३०) आहे, त्यावरही स्मार्टहिस्टरीचा व्हिडिओ आहे. ते मला धंद्यामुळे जवळचं: दाताळं घेऊन उभा असलेला तो म्हातारा म्हणजे वुडचा दातांचा डॉक्टर, बायरन मकीबी. शेजारची बाई वुडची बहीण नॅन. दोघं वेगवेगळ्या वेळी बसले, चित्रातल्या त्या घरासमोर एकत्र कधी उभेच राहिले नाहीत. व्हिडिओ थांबवून डॉक्टरच्या कपड्यांवरची शिवण बघा. दाताळ्याचे तीन दात तिथे पुन्हा उमटलेत. आणि बाईच्या मानेवर केसांची एकच बट सुटून आली आहे. एवढ्या घट्ट बांधलेल्या चित्रात ती एकच सैल गोष्ट.

आता दुसरं, आणि माझं सगळ्यात लाडकं. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाची 'इन द स्टुडिओ' ही मालिका, यूट्यूबवर. कोरी डॉगस्टीन हा चित्रांच्या जतनाचं काम करणारा माणूस स्वतः ब्रश हातात घेऊन पोलॉक, रॉथको, बार्नेट न्यूमन, अ‍ॅग्नेस मार्टिन या अमूर्त चित्रकारांनी काय केलं ते करून दाखवतो. "असलं तर माझा मुलगाही काढेल" असं ज्या चित्रांबद्दल लोक म्हणतात, तीच ही चित्रं. न्यूमनची उभी पट्टी साधी दिसते. पण ती चिकटपट्टी लावून, रंग देऊन, पट्टी उचलून कशी येते आणि कडेला रंग कसा किंचित झिरपतो हे बघितल्यावर ती साधी राहत नाही.

त्यातला अ‍ॅड राइनहार्टचा व्हिडिओ मी बहुधा वीसदा पाहिला असेल. त्याची काळी चित्रं. ६० इंच लांब, ६० इंच रुंद, बघावं तर नुसतं काळं. खरं म्हणजे त्यात तीन-तीनच्या तीन ओळी असे नऊ चौकोन असतात, एकात लालसर काळा, एकात निळसर, एकात हिरवट. हे वेगळेपण दिसायचं तर पृष्ठभागावर चकाकी अजिबात नको, कारण चकाकलं की दिसतो तो खोलीतला दिवा. म्हणून तो तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून तसाच ठेवून द्यायचा. रंगाची पूड तळाशी बसते, तेल वर राहतं, ते ओतून टाकायचं. उरतो तो मखमलीसारखा रंग, बोट लागलं तरी डाग पडेल इतका नाजूक. मी हे पाहिलं त्या दिवशी लॅबमध्ये एक कॅप माझ्या हातात होती, समोरचा दात, शेड जुळत नव्हती. अचानक लक्षात आलं की शेड बरोबर आहे, चुकतेय ती वरची चकाकी. ग्लेझ कमी केलं आणि जुळली. त्या चित्रकाराचं मी देणं लागते.

इथेच व्हिडिओची मर्यादाही सांगते. राइनहार्टचं चित्र पडद्यावर दिसत नाही, दिसूच शकत नाही, तिथे फक्त काळा चौकोन येतो. व्हिडिओनं ते कसं झालं एवढंच शिकायचं, मग कधी न्यूयॉर्कला गेलात तर त्याच्यासमोर डोळे सरावेपर्यंत उभं राहायचं.

तिसरं, आर्ट-ट्वेंटीवन. पीबीएस या अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर २००१ पासून चालणारी मालिका, हयात चित्रकारांच्या स्टुडिओत जाऊन केलेली. त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आणि यूट्यूबवर फुकट आहे, सबटायटल असतात. यात निवेदक समजावून सांगत बसत नाही, कलाकार स्वतः बोलतो. पहिल्या वर्षीचा केरी जेम्स मार्शल बघा. हा चित्रकार शिकागोत राहतो. त्याच्या चित्रातली माणसं खरोखर काळी, करडी किंवा तपकिरी नाहीत. त्यासाठी तो तीन वेगळे काळे वापरतो, हस्तिदंती काळा, कार्बन काळा आणि लोहाचा काळा, आणि त्यांत इतर रंग मिसळून काहींना ऊब देतो, काहींना थंडावा. त्याचं 'मेनी मॅन्शन्स' (१९९४) हे मोठं चित्र तुमच्याच आर्ट इन्स्टिट्यूटच्या संग्रहात आहे. जाण्याआधी ते सध्या भिंतीवर लावलंय का ते त्यांच्या संकेतस्थळावर तपासा.

यूट्यूबवर शोधताना नुसतं चित्रकाराचं नाव टाकू नका. नावापुढे संग्रहालयाचं नाव जोडा, आणि चॅनल कोणाचं आहे ते बघा. निम्मा कचरा तिथेच गळतो. रडका पियानो आणि यंत्राच्या आवाजात वाचलेली जीवनकथा सुरू झाली की बंद करा.

उंबरठा:

वरचं सगळं उत्तम. मी एकच भर घालतो. पीबीएसच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचे बरेच कार्यक्रम अमेरिकेबाहेर उघडत नाहीत. ते इथे आहात तोवर बघून घ्या. यूट्यूबवरचे परत गेल्यावरही चालतील.

आणि पोलॉकचं 'म्युरल' नक्की बघा, १९४३ चं. आठ फूट उंच, वीस फूट रुंद कॅनव्हास आणि पठ्ठ्यानं एका रात्रीत रंगवला! त्यावर लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाचे व्हिडिओ आहेत.

तळटीप:

मी वॉशिंग्टनजवळ राहतो. निवृत्त. पाच मिनिटांच्या व्हिडिओंवर माझा थोडा आक्षेप आहे. ते दार उघडतात हे खरं, पण आत बसायचं तर लांब व्याख्यान हवं. इथल्या नॅशनल गॅलरीनं अभ्यासकांची तासभराची व्याख्यानं फुकट ठेवली आहेत, स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमच्या यूट्यूब चॅनलवरही तशी भरपूर आहेत. शेवंतीताई, बाळाला मांडीवर थोपटताना नुसतं ऐकलं तरी चालतं. इंग्रजी कानाला सरावतं ते अशा संथ बोलणाऱ्या प्राध्यापकांमुळेच. पहिली दहा मिनिटं आभारप्रदर्शनात जातात, ती सरळ पुढे ढकला.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या रात्रपाळीमुळे. स्मिथसोनियनमध्ये जेम्स हॅम्प्टनचं सिंहासन आहे, त्यावरचे व्हिडिओ शोधा. हॅम्प्टन दक्षिण कॅरोलायनात १९०९ साली जन्मला, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता, आणि पुढे वॉशिंग्टनमध्ये सरकारी इमारतींत रात्री झाडलोट करायचा. १९५० मध्ये त्यानं एक गॅरेज भाड्यानं घेतलं. मध्यरात्री पाळी संपली की तिथे जायचा आणि कामाला लागायचा. चौदा वर्षं. मोडकं फर्निचर, पुठ्ठे, जळलेले दिवे, काचेच्या बरण्या, सगळ्यावर सोनेरी-चंदेरी पन्नी चढवून त्यानं देवासाठी सिंहासन बांधलं, आजूबाजूला वेद्या, मुकुट, पंख. एकूण १८० वस्तू. सगळ्यात वर दोन शब्द: 'भिऊ नका'. १९६४ मध्ये तो कर्करोगानं गेला. भाडं थकलं म्हणून घरमालक बघायला आला आणि दार उघडल्यावर हे दिसलं. एक वहीही सापडली, स्वतः तयार केलेल्या लिपीत लिहिलेली. ती आजवर कोणाला वाचता आलेली नाही.

मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जवळ गेलो. पन्नीच्या चुण्या दिसतात. अंगठ्यानं दाबून दाबून बसवल्याच्या खुणा दिसतात. तुम्ही एक्स्चेंजमध्ये बसला होतात त्याच्या आधीच्याच काळात एक माणूस अशाच वेळी जागा होता.

पाटी-पेन्सिल:

मी न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. मुलांसोबत बघता येईल असं सांगते, नातू मोठा होईल तेव्हा उपयोगी पडेल.

जेकब लॉरेन्सची 'मायग्रेशन सीरिज'. दक्षिणेतून उत्तरेच्या शहरांकडे निघालेल्या लाखो कृष्णवर्णीय माणसांची कहाणी, ६० छोट्या चित्रांत. १९४०-४१ मध्ये काढली तेव्हा लॉरेन्स तेवीस वर्षांचा होता. प्रत्येक चित्र फक्त १८ बाय १२ इंच. सम आकड्यांची चित्रं मोमानं घेतली, विषम आकड्यांची वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शननं. मी मोमात गेले तेव्हा २, ४, ६ अशी बघत गेले आणि मधली पानं फाडलेलं पुस्तक वाचल्यासारखं वाटलं. इथे व्हिडिओ आणि संग्रहालयांची संकेतस्थळं खरंच जिंकतात, तिथे साठही क्रमानं एकत्र बघता येतात. स्मार्टहिस्टरीवरही त्यावर आहे.

व्हिडिओमुळे कळलेली एक गोष्ट आम्ही वर्गात करून पाहिली. लॉरेन्स चित्रं एकेक करून काढत नव्हता. साठही पाट्या एकदम मांडून ठेवायचा आणि एकच रंग घेऊन, जिथे जिथे तो लागेल तिथे तिथे सगळ्यांवर लावत जायचा. मग पुढचा रंग. टेम्परा हा रंग झटकन वाळतो, पुन्हा तीच छटा कालवणं कठीण, म्हणून. पाट्यांना अस्तर द्यायला आणि मथळे लिहायला ग्वेंडोलिन नाइट मदतीला होती, तीही चित्रकार, पुढे त्याची बायको झाली. मी प्रत्येक मुलाला सहा कार्डं दिली. "आज फक्त निळा." पाच मिनिटं गोंधळ, आणि मग वर्ग इतका शांत झाला की मला रंग कागदावर ओढल्याचा आवाज येत होता. एक मुलगा म्हणाला, निळा कुठे कुठे आहे ते मला आधीच माहीत असायला पाहिजे ना! लॉरेन्सला तर साठ चित्रं डोक्यात ठेवावी लागली असणार. या मुलानं सहा कार्डांत ते ओळखलं.

शेवंती:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण तुम्ही सांगितलंत ते आधी करून बघायचं होतं.

निळी सावली, तुमची पद्धत मी तंतोतंत केली. आवाज बंद, वही समोर. मी काय लिहिलं ते इथे देते. "मागच्या बाजूला दोन मोठी चहाची पिंपं, चकचकीत. पाठमोऱ्या माणसाच्या खांद्यावर उजेड, तोंड दिसत नाही. बाईचे केस लाल, झगा लाल. तिचा हात आणि शेजारच्या माणसाचा हात जवळ आहेत पण लागलेले नाहीत. वाढणारा पोरगा वाकलाय, तो एकटाच काहीतरी करतोय." मग आवाज लावला. त्यातली पिंपं कॉफीची आहेत हे कळलं. हातांकडे मात्र माझं लक्ष आधीच गेलं होतं, याचा इतका आनंद झाला म्हणून सांगू! दार मला सापडलं नव्हतं, म्हणजे ते नाही हे लक्षात आलं नव्हतं. तुमचं वाचल्यावर परत बघितलं आणि अंगावर काटा आला. एक्स्चेंजलाही रात्री बाहेरून कडी असायची.

तळटीप, हॅम्प्टनचा व्हिडिओ सुनेला बोलावून दाखवला. आम्ही दोघी काही बोललो नाही. तिनं उठून चहा केला.

पण एक विचारते. पहिल्या फेरीत जी नावं आली ती जवळजवळ सगळी पुरुषांची. बायका मागे उभ्या राहिल्या, अस्तर दिलं, मथळे लिहिले. ज्या बायका स्वतः करत होत्या त्यांचं कुठे बघू? आणि ते चित्रच असायला हवं असंही नाही. मी सध्या नातवासाठी गोधडी शिवतेय, ह्यांचे जुने शर्ट आणले होते बरोबर, त्यांची. तसं काही असेल तर फार आवडेल.

निळी सावली:

शेवंतीताई, हातांमधलं अंतर! मी सात वर्षांत ते लिहून ठेवलं नव्हतं. आजच परत बघितलं.

आधी उंबरठा यांच्यासाठी एक दुरुस्ती. पोलॉकचं 'म्युरल' एका रात्रीत झालं ही गोष्ट फार सांगितली जाते, पण ती खरी नाही. आयोवा विद्यापीठाचं ते चित्र २०१२ मध्ये गेटीकडे जतनासाठी आलं, तिथे थर तपासले गेले. खालचा रंग वाळल्याशिवाय वरचा तसा बसलाच नसता अशा जागा बऱ्याच सापडल्या, आणि तैलरंग वाळायला दिवस लागतात. सुरुवातीचा झपाटा एका बैठकीचा असू शकतो, पूर्ण चित्र नाही. तुम्ही सुचवलेले गेटीचे व्हिडिओ मात्र जरूर बघा, त्यातच हे सगळं दिसतं.

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि चूक माझी, मी माझ्या आवडीचे सांगत सुटले. अ‍ॅग्नेस मार्टिनचं नाव घेऊन पुढे गेले, तिचा व्हिडिओ पुन्हा नीट बघा. पेन्सिलीची रेघ कॅनव्हासच्या खरबरीत विणीवरून जाताना कशी अडखळते, ते शिवणाऱ्या माणसाला लगेच कळेल. आर्ट-ट्वेंटीवनच्या त्याच पहिल्या वर्षात माया लिन आणि लुईस बुर्ज्वा या शिल्पकार आहेत. जॉन क्विक-टू-सी स्मिथ हे नाव लिहून ठेवा, मूलनिवासी सेलिश समाजातली चित्रकार. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीनं मूलनिवासी कलाकाराचं पहिलं रंगचित्र विकत घेतलं ते तिचं, आणि तेही २०२० साली! ती २०२५ च्या जानेवारीत गेली. व्हिडिओत तिचं स्वतःचं बोलणं ऐकायला मिळतं.

आणि गोधडी. अलाबामात नदीच्या वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या शेतावरचे फाटके कपडे, डेनिमच्या विजारी, पिठाची पोती यांच्या गोधड्या शिवत आल्या. १९७२ मध्ये सीअर्स कंपनीकडून कॉरडरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं, तेव्हा उरलेल्या चिंध्याही गोधड्यांत गेल्या, म्हणून त्या काळातल्या गोधड्यांत तो पिवळा, तो शेवाळी हिरवा आणि जाड रेघांचं कापड दिसतं. २००२ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. मेरी ली बेंडॉल्फ, लुसी मिंगो आणि लोरेटा पेटवे या तिघींना २०१५ मध्ये नॅशनल एन्डॉमेंट फॉर द आर्ट्सचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. या बायकांची नावं आणि 'जीज बेंड' एवढं टाकून शोधा, संग्रहालयांच्या आणि सरकारी चॅनलवर त्या शिवताना, गाताना, बोलताना सापडतील. त्यांचा उच्चार दक्षिणेकडचा आहे, सबटायटल लावून बघा. पीबीएसच्या 'क्राफ्ट इन अमेरिका' मालिकेतही गोधड्यांवर एक भाग आहे, तोही फुकट.

त्यांतली एक गोधडी मिसूरी पेटवे या बाईची. नवरा गेला तेव्हा तिनं त्याचे शेतात घालायचे कपडे उसवले आणि त्यांची गोधडी केली, त्याची आठवण अंगावर घेऊन झोपता यावं म्हणून. गुडघ्याजवळ विरलेलं, उन्हानं विटलेलं कापड तिनं झाकलं नाही, तसंच ठेवलं. ती आता नॅशनल गॅलरीत आहे, त्यांच्या संकेतस्थळावर मोठी करून बघता येते, अगदी टाक्यापर्यंत. तिचं साल १९४२, तुमच्या 'नाइटहॉक्स'चंच.

शर्टांच्या कॉलरचं काय करताय तुम्ही? उसवताय की तशीच लावताय?